नावाबाहेरचे संरक्षण : कुष्ठरोग, बालक आणि चेंगलपट्टूच्या लसचाचण्या

१. प्रश्नाची मांडणी

कुष्ठरोगाविषयी साहित्याने जे सांगितले आहे ते बहुतांशी रोग जडल्यानंतरचे आहे. शापाने कुष्ठ झालेला आणि सूर्योपासनेने बरा झालेला पुराणांतील सांब, ‘सूर्यशतका’च्या रचनेशी जोडलेली मयूर कवीची दंतकथा, १९५४ च्या ‘रत्तक्कण्णीर’ या तमिळ चित्रपटात एम. आर. राधा यांनी साकारलेला नायक, बाबा आमटे यांच्या आनंदवनाभोवती मराठीत निर्माण झालेले चरित्रात्मक व आत्मचरित्रात्मक लेखन : या सर्वांत रोगी प्रौढ आहे, रोगाची खूण त्याच्या देहावर उमटून चुकली आहे, आणि कथेला आरंभ होतो तो त्यानंतर. ती कथा पापाची असो वा करुणेची, तिला दृश्य देह लागतो. ज्या बालकाला हा रोग जडू शकला असता, पण जडला नाही, त्याच्या वाट्याला कथा आलेली नाही. प्रतिबंध ही न घडलेली घटना असते आणि न घडलेल्या घटनेचे निवेदन करणे भाषेला अवघड जाते.

या अनुल्लेखाचा एक ऐतिहासिक पदर चेन्नईच्या परिसरात उलगडतो. चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील शोळिंगनल्लूर आज माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगांसाठी ओळखले जाते. २०११ साली ते महानगरपालिकेत आणि २०१८ साली चेन्नई जिल्ह्यात समाविष्ट झाले. तत्पूर्वी ते कांचीपुरम जिल्ह्यात आणि त्याही पूर्वी जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडत असे. इंग्रजी कागदपत्रांत ‘चिंगलपुट’ म्हणून नोंदलेला हा जिल्हा क्षय व कुष्ठ या दोन्ही रोगांच्या जागतिक वैद्यकीय वाङ्मयात सतत उद्धृत होतो. आज शोळिंगनल्लूरमध्ये जन्मलेल्या अर्भकाला, मग ते तमिळ कुटुंबातील असो, बांधकामावर आलेल्या परप्रांतीय मजुराचे असो वा मराठी अभियंत्याचे असो, जन्मानंतर लवकरात लवकर डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचली जाते. ही लस क्षयावरची आहे असे पालकांना सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. तीच लस त्या बालकाला कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण देते, आणि याविषयीच्या पुराव्याचा एक महत्त्वाचा भाग याच जुन्या जिल्ह्यातील गावांतून गोळा झाला आहे.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, बालकांना कुष्ठरोगापासून मिळणारे हे संरक्षण गेली सत्तर वर्षे दुसऱ्या रोगाच्या नावाखाली वावरत आले आहे. आणि हा केवळ शब्दांचा योगायोग नसून त्याचे परिणाम धोरणावर, संशोधनावर व रोग्याच्या कुटुंबाच्या आत्मप्रतिमेवर झालेले आहेत.

२. ‘देवी’, ‘अम्मै’ आणि ‘महारोग’

लसीकरणाची कल्पना भारतीय भाषांत प्रथम रुजली ती देवीच्या रोगाच्या आधाराने. मुंबईत १८०२ साली अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिली यशस्वी लस टोचली गेली. त्यानंतरच्या काळात मराठीत या क्रियेला ‘देवी काढणे’ वा ‘देवी टोचणे’ असे म्हटले जाऊ लागले. तमिळमध्ये देवीच्या रोगाला ‘अम्मै’ म्हणतात. या शब्दात ‘अम्मा’चा, म्हणजे मातेचा, निर्देश आहे. लस टोचण्याच्या क्रियेला तेथे ‘अम्मै कुत्तुदल्’, म्हणजे ‘अम्मै टोचणे’, असा शब्द पडला. दोन भिन्न भाषाकुळांतील या दोन भाषांनी परस्परांकडून उसनवारी न करता एकच मार्ग पत्करला : रोगाचे जे नाव तेच प्रतिबंधाचे नाव, आणि दोन्ही एकाच देवतेच्या अधीन. मद्रासचा जिल्हाधिकारी आणि द्रविड भाषांच्या स्वतंत्र कुळाची कल्पना मांडणारा अभ्यासक फ्रान्सिस व्हाइट एलिस याने लसीकरणाच्या प्रसारार्थ पुराणवजा कथा रचली, तिचेही मर्म हेच आहे. जे नवे आहे ते जुन्या आख्यानात बसवता आले तर स्वीकारले जाईल, हा त्यामागील विश्वास होता.

कुष्ठरोगाचे नामकरण वेगळ्या दिशेने झाले. मराठीत ‘महारोग’ व ‘रक्तपिती’, तमिळमध्ये ‘पेरुनोय्’ व ‘पेरुवियादि’. ‘पेरु’ म्हणजे मोठा. ‘नोय्’ म्हणजे रोग. ‘महारोग’ आणि ‘पेरुनोय्’ ही जवळजवळ शब्दशः एकमेकांची रूपे आहेत. आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ ही संज्ञा मुळात व्यापक होती. सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा त्वचाविकारांचा तीत समावेश होई. कालांतराने तिचा अर्थ एका रोगापुरता आकुंचित झाला, आणि ‘महा’ व ‘पेरु’ ही विशेषणे रोगाच्या वैद्यकीय लक्षणांऐवजी त्याच्या सामाजिक वजनाची द्योतक बनली. आज तमिळमध्ये ‘तोळुनोय्’ हा आणि मराठीत ‘कुष्ठरोग’ हा शब्द अधिकृत व्यवहारात रूढ आहे. ‘महारोगी’ हा शब्द टाळण्याचा आग्रह सार्वजनिक जीवनात धरला जातो, तो याच वजनामुळे.

देवीच्या रोगाला देवता होती आणि म्हणून प्रतिबंधाला आख्यान मिळाले. कुष्ठाला आख्यान होते ते कर्मविपाकाचे. ज्या रोगाचे कारण पूर्वकर्मात आहे असे मानले जाते, त्याला लस असू शकते ही कल्पनाच त्या आख्यानात मावत नाही. ‘रत्तक्कण्णीर’मधील नायकाला परदेशी शिक्षण, पत्नीची उपेक्षा आणि गणिकेची संगत यांची परिणती म्हणून कुष्ठ होते. नाटक म्हणून आणि नंतर चित्रपट म्हणून या कृतीने परंपरेवर व ढोंगावर तिखट उपहास केला. तथापि कुष्ठाकडे तिने पाहिले ते परंपरेच्याच नजरेने.

लसीसाठीचे पुढील काळातील शब्दही लक्षणीय आहेत. मराठीतील ‘लस’ या शब्दाने मुळात जखमेतून स्रवणारा चिकट द्रव सूचित होतो. तमिळमधील ‘तडुप्पूसि’ हा ‘तडुप्पु’ (अडवणूक) आणि ‘ऊसि’ (सुई) यांचा समास आहे. मराठीने द्रव्याला नाव दिले, तमिळने कार्याला. बीसीजी या नावात मात्र ना द्रव्य आहे, ना कार्य, ना रोग. तो काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांच्या नावांचा संक्षेप आहे. गोवंशातील क्षयाच्या जिवाणूची १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा पुनर्लागवड करून त्यांनी तो निर्विष केला. नावात रोग नसलेल्या या लसीला पुढे ‘क्षयाची लस’, तमिळमध्ये ‘कासनोय्’वरची लस, असे संबोधले जाऊ लागले, आणि ते संबोधनच तिची ओळख ठरले.

३. लसीपूर्वीचे संरक्षण : ताटातूट

बालकांना कुष्ठरोगापासून वाचविण्याचा प्रश्न लसीपेक्षा जुना आहे. १८७३ साली नॉर्वेतील गेरहार्ड आर्माउअर हान्सेन याने या रोगाचा जिवाणू शोधला आणि रोग आनुवंशिक नसून संसर्गजन्य आहे या मताला बळ मिळाले. यातून मुलाच्या बाबतीत एक दिलासा मिळाला आणि एक क्रौर्यही जन्मास आले. मूल जन्मतः रोगी नसते, हा दिलासा. म्हणून त्याला आईबापांपासून दूर केले पाहिजे, हे क्रौर्य. १८७४ साली स्थापन झालेल्या मिशन टु लेपर्स या संस्थेने भारतात चालविलेल्या वसाहतींना जोडून रोग्यांच्या निरोगी मुलांसाठी स्वतंत्र गृहे उभी राहिली. इंग्रजीत या मुलांना ज्या विशेषणाने संबोधले जाई त्याचा मराठी अर्थ ‘अकलंकित’ असा होईल. मूल अकलंकित, म्हणजे माता कलंकित. संरक्षणाची ही भाषाच दोषारोपाची भाषा होती. ब्राझीलमध्ये अशा ताटातुटीची राज्यसंस्थेने सक्तीने अंमलबजावणी केली, आणि २०२३ साली तेथे विभक्त केल्या गेलेल्या मुलांना निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला. आता ती मुले वृद्ध झाली होती.

मुंबईतील माटुंगा येथे १८९० साली निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला, तो महापालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ याच्या पुढाकाराने. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह पोवाड्यांचा संग्रह सिद्ध करणारा आणि १८९४ साली ते इंग्रजीत नेणारा अ‍ॅकवर्थ तो हाच. एकाच व्यक्तीने मराठ्यांच्या वीरगाथा संकलित कराव्यात आणि रस्त्यावरील कुष्ठरोग्यांना भिंतीआड आश्रय द्यावा, ही वसाहतकालीन प्रशासनाची दोन टोके होत. एका कामात आवाज जतन केला गेला. दुसऱ्या कामात जे आवाज भिंतीआड गेले त्यांचा संग्रह कोणी केला नाही. १८९८ चा कुष्ठरोगीविषयक कायदा याच मनोभूमिकेतून आला. तो रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ मध्ये.

चेंगलपट्टूजवळील तिरुमणी येथे १९२० च्या दशकात लेडी विलिंग्डन यांच्या नावाने कुष्ठधाम उभे राहिले. रॉबर्ट कॉक्रन यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. सल्फोन औषधांच्या आरंभीच्या उपयोगाशी त्यांचे नाव निगडित आहे. १९५५ साली हेच कुष्ठधाम केंद्र सरकारच्या कुष्ठरोग अध्यापन व संशोधन संस्थेत रूपांतरित झाले. याच काळात मद्रास प्रांतात टी. एन. जगदीशन यांच्यासारखा कार्यकर्ता पुढे आला. इंग्रजी साहित्याचे अध्यापक आणि श्रीनिवास शास्त्री यांच्या पत्रांचे संपादक असलेले जगदीशन स्वतः या रोगातून गेलेले होते. त्यांच्या आत्मचरित्राने रोग्याला निवेदकाचे स्थान दिले. महाराष्ट्रात मनोहर दिवाण यांचे दत्तपूर, शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन, सेवाग्रामात गांधीजींनी शुश्रूषा केलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री, १९५१ साली वर्ध्यात स्थापन झालेले गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान आणि तेथील डॉ. वर्देकर यांची सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री : ही परंपरा सुपरिचित आहे. वर्ध्याच्या त्रिसूत्रीने रोग्याला वसाहतीत आणण्याऐवजी कार्यकर्त्याला रोग्याच्या घरी नेले. घरी गेल्यावरच बालक प्रथम नजरेस पडले.

बालकांच्या निरीक्षणातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. फिलिपिन्समधील कुलिऑन बेटावर रोग्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या लारा व नोलास्को यांना १९५६ साली असे दिसले की, प्रारंभीचे चट्टे उमटलेल्या मुलांपैकी सुमारे तीनचतुर्थांश मुले उपचारावाचून बरी झाली. याचा अर्थ बालकाच्या देहात या जिवाणूला परतवून लावण्याची शक्ती असते. प्रश्न ती वेळेवर जागी करण्याचा आहे. त्या दिशेचे पाऊल अर्जेंटिनातील फर्नांडिस यांनी १९३९ मध्येच टाकले होते. कुष्ठजंतूंपासून केलेल्या लेप्रोमिन या द्रव्याला ज्या मुलांची त्वचा प्रतिसाद देत नव्हती, त्यांना बीसीजी दिल्यावर ती प्रतिसाद देऊ लागली. क्षयाचा व कुष्ठाचा जिवाणू एकाच कुळातले. त्यांची काही प्रथिने समान. एकाची ओळख पटलेल्या श्वेतपेशी दुसऱ्यालाही ओळखतात, असे त्यामागील तत्त्व आज सांगितले जाते. कुष्ठाचा जिवाणू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात आजतागायत वाढविता आलेला नाही. त्यामुळे त्याच्या कुळबंधूचा असा उपयोग होणे हीच मोठी आशा होती.

४. गिंडीची प्रयोगशाळा आणि राजाजींचा आक्षेप

१९४८ साली मद्रासच्या गिंडी भागात बीसीजी लस तयार करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. शोळिंगनल्लूरपासून गिंडीचे अंतर फारसे नाही. १९५१ पासून देशभर सामूहिक लसीकरणाची मोहीम निघाली आणि तिला सर्वांत वजनदार विरोधही मद्रासमध्येच झाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५५ साली बीसीजीला आपला विरोध का आहे हे सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीनच वर्षांनी, रामायणाच्या तमिळ कथनासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले राजाजी ते हेच. जिवंत जंतू निरोगी मुलांच्या शरीरात सरसकट घालावेत इतका पुरावा उपलब्ध नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. हा वाद अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान असा मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. पुराव्याची मागणी ही विज्ञानाचीच मागणी होती, आणि पुढे तिचे उत्तर त्याच प्रांतात शोधले गेले.

तथापि या संपूर्ण वादात कुष्ठाचा प्रश्न कडेलाच राहिला. सरकारने लस पुरस्कृत केली ती क्षयासाठी, राजाजींनी ती नाकारली तीही क्षयाच्याच संदर्भात. फर्नांडिस यांच्या निरीक्षणाला तेव्हा पंधराहून अधिक वर्षे झाली होती. ‘रत्तक्कण्णीर’ आणि राजाजींची पुस्तिका यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. एकाच शहरात, एकाच वेळी, कुष्ठ हा कर्माचा विषय म्हणून रुपेरी पडद्यावर होता आणि बीसीजी हा राज्यसंस्थेच्या अधिकाराचा विषय म्हणून वादात होता. या दोहोंचा काही संबंध असू शकतो, ही गोष्ट त्या सार्वजनिक चर्चेत आली नाही.

५. चेंगलपट्टू : एका लसीचे दोन निकाल

१९६० पासून कुष्ठरोगासाठी बीसीजीच्या स्वतंत्र चाचण्या सुरू झाल्या, आणि त्यांतील दोन प्रमुख चाचण्या थेट बालकांवर होत्या. युगांडात कुष्ठरोग्यांच्या संपर्कातील व नात्यातील सोळा हजारांहून अधिक मुलांच्या चाचणीत सुमारे ८० टक्के संरक्षण आढळले. ब्रह्मदेशात १९६४ पासून सुमारे २८ हजार मुलांवर झालेल्या चाचणीत ते २० टक्क्यांच्या आसपासच राहिले. न्यू गिनीतील चाचणीचा निकाल या दोहोंच्या मध्ये, निम्म्याच्या जवळपास होता. एकच लस, एकच रोग, परंतु आकडे जुळेनात.

या पार्श्वभूमीवर १९६८ साली चेंगलपट्टू जिल्ह्याच्या ग्रामीण भागात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, जागतिक आरोग्य संघटना व अमेरिकी सार्वजनिक आरोग्यसेवा यांच्या साहाय्याने, क्षयप्रतिबंधाची चाचणी आरंभिली. अडीच लाखांहून अधिक लोकांना पॅरिस वा कोपनहेगन येथील वाणाची लस, दोनपैकी एका मात्रेत, अथवा केवळ निष्क्रिय द्रव टोचण्यात आला. कोणाला काय मिळाले हे ना घेणाऱ्यास ठाऊक होते, ना तपासणाऱ्यास. साडेसात वर्षांच्या मागोव्यानंतर निघालेला निष्कर्ष १९७९-८० च्या सुमारास जाहीर झाला तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले : फुप्फुसाच्या क्षयापासून या लसीने कोणतेही संरक्षण दिल्याचे दिसत नव्हते. पंधरा वर्षांच्या मागोव्याचा अहवाल १९९९ साली आला, तोही मूलतः हेच सांगणारा होता. मुलांमध्ये तेवढा अल्प प्रमाणात लाभ असल्याची शक्यता त्यात दिसली. दक्षिण भारताच्या उष्ण, दमट मातीपाण्यात त्याच कुळातील निरुपद्रवी जिवाणूंचा आधीच संपर्क झालेला असतो, त्यामुळे लसीला करण्याजोगे फारसे उरत नाही, हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. अर्भकांतील क्षयजन्य मेंदूज्वरासारख्या गंभीर आजारांवर बीसीजी उपयुक्त आहे याला इतरत्र पुरेसा पुरावा असल्याने ती बालकांच्या लसीकरणात कायम राहिली.

‘चिंगलपुट’ हे नाव तेव्हापासून अपयशाचे पर्यायवाची झाले. वस्तुतः त्याच लोकसंख्येत सत्तरच्या दशकात कुष्ठरोगाचीही पद्धतशीर पाहणी करण्यात आली होती. तिच्यातून असे आढळले की, बीसीजी घेतलेल्यांत कुष्ठरोगाचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी आहे. हे संरक्षण माफक होते, पण ते होते. ज्या गावांत, ज्या माणसांत, ज्या कुपीतील द्रवाने क्षयाला अडविले नाही, तेथेच त्याने कुष्ठाला अंशतः अडविले. पुढे आफ्रिकेतील मलावी देशाच्या कारोंगा जिल्ह्यात हेच अधिक ठळकपणे दिसले. तेथे एका मात्रेने कुष्ठरोगाचे प्रमाण निम्म्याने वा त्याहून अधिक घटले, आणि १९९६ च्या अहवालानुसार दुसऱ्या मात्रेने ते आणखी निम्म्याने घटले. फुप्फुसाच्या क्षयावर मात्र परिणाम नव्हता. दोन खंडांतील दोन जिल्ह्यांनी दिलेली साक्ष अशी सारखी आहे : नावाच्या रोगापुढे लस थिटी पडली आणि बिननावाच्या रोगापुढे ती उभी राहिली.

६. मुंबईचे जंतू, चेंगलपट्टूची माणसे

कुष्ठरोगासाठी स्वतःची, स्वतःच्या नावाची लस असावी या प्रयत्नांचा इतिहास मराठी प्रदेशाशी जवळून निगडित आहे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्या मार्गदर्शनाखाली, कमल रणदिवे आणि सी. व्ही. बापट यांच्या सहभागाने, १९५८ साली कुष्ठरोग्याच्या गाठीतून मिळालेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढविण्यात आला. तो प्रत्यक्ष कुष्ठाचा जिवाणू नसून त्याच कुळातील असल्याचे पुढे मानले गेले. या जिवाणूला संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले. त्यापासून लस सिद्ध करण्याचे कार्य डॉ. माधव देव यांनी पुढे नेले. दिल्लीत जी. पी. तलवार यांच्या संशोधनातून ‘मायकोबॅक्टेरिअम डब्ल्यू’ ही दुसरी लस आकाराला आली. तिच्या जिवाणूचे पुढे ‘इंडिकस प्रानी’ असे नामकरण झाले.

या लसींची तुलनात्मक परीक्षा १९९१ पासून पुन्हा चेंगलपट्टू जिल्ह्यातच झाली. तिचे सूत्रसंचालन आवडी येथील क्षेत्रीय केंद्रातून डॉ. मोहन गुप्ते यांनी केले. हेच केंद्र पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत विलीन झाले. मुंबईत वाढविलेल्या जिवाणूची लस मराठी संशोधकाच्या देखरेखीखाली तमिळ खेड्यांतील दंडांवर टोचली गेली. सुमारे १ लाख ७१ हजार लोकांना चारपैकी एक लस वा निष्क्रिय द्रव देण्यात आला. १९९८ साली प्रसिद्ध झालेले निकाल असे : आयसीआरसी लसीचे संरक्षण ६५.५ टक्के, मृत कुष्ठजंतू मिसळलेल्या बीसीजीचे ६४, केवळ बीसीजीचे ३४.१ आणि ‘डब्ल्यू’चे २५.७ टक्के. उत्तर प्रदेशात कानपूर परिसरात रोग्यांच्या सहवासितांवर झालेल्या चाचणीत ‘डब्ल्यू’चा आरंभीचा लाभ याहून बराच अधिक होता, पण वर्षे उलटली तसा तो ओसरला.

६५ टक्क्यांची लस हाती असूनही ती राष्ट्रीय कार्यक्रमात का आली नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर अंशतः यशात दडलेले आहे. १९८३ पासून बहुविध औषधोपचाराने रुग्णसंख्या झपाट्याने घटत होती. लसीची तातडी त्याबरोबर ओसरली. मृत कुष्ठजंतू मिळवायचे तर ते आर्माडिलो या प्राण्याच्या देहात वाढवावे लागतात, ही व्यावहारिक अडचणही होती. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारी एकाहून कमी रुग्ण या निकषावर देशपातळीवर निर्मूलन झाल्याचे घोषित झाले. ‘निर्मूलन’ या शब्दाने मुळासकट नाश सूचित होतो. निकषाचा अर्थ केवळ ‘प्रमाण घटले’ एवढाच होता. शब्द आणि वस्तुस्थिती यांच्यातील या अंतराची किंमत मुख्यतः मुलांनी मोजली, कारण मुलांतील नवे रुग्ण म्हणजे संसर्ग अद्याप चालू असल्याची खूण असते. २०२३ सालीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात होते, आणि जगभरात नव्याने निदान झालेल्या बालकांची संख्या दहा हजारांहून अधिक होती.

७. नावाचे परिणाम

बीसीजी केवळ क्षयाची लस मानली गेल्याचे तीन परिणाम संभवतात. पहिला धोरणाचा. क्षयाचे प्रमाण घटलेल्या अनेक देशांनी नवजात बालकांना सरसकट बीसीजी देणे थांबविले. निर्णय क्षयाच्या हिशेबाने झाला की कुष्ठाचा जमाखर्च त्यात सहज गळून पडू शकतो. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अधिकृत भूमिकेत क्षयासोबत कुष्ठरोगाचाही स्पष्ट निर्देश करून, या रोगांचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशांत जन्मतःच बीसीजी देण्याची शिफारस केली. एका वाक्यात दुसरे नाव लिहिले जाण्यास इतका काळ लागला.

दुसरा परिणाम ज्ञानाच्या मर्यादेचा. संरक्षण किती, हे निश्चितपणे सांगणे आजही सोपे नाही. उपलब्ध अभ्यासांचा २००६ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नियंत्रित चाचण्यांत सरासरी २६ टक्के आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत ६१ टक्के संरक्षण आढळले. दुसऱ्या मात्रेचा जो लाभ मलावीत दिसला, तो ब्राझीलमधील मनाउस येथील शाळकरी मुलांत दिसला नाही. म्हणून लस घेतलेले मूल निर्धास्त, असा निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल. बांगलादेशातील अभ्यासात रोग्यांच्या सहवासितांना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा दिली असता दोन वर्षांत रोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले. ज्यांना बालपणी बीसीजीही मिळाली होती त्यांच्यात ही घट ८० टक्क्यांपर्यंत गेली. लस आणि औषध परस्परांना पूरक आहेत. अंगावर संवेदनाहीन चट्टा दिसताच तपासणी आणि पूर्ण उपचार, घरातील सर्वांची तपासणी, सहवासितांना प्रतिबंधक मात्रा आणि नवजाताला बीसीजी असे हे एकत्रित संरक्षण आहे. सिएटल येथे विकसित झालेली ‘लेपव्हॅक्स’ ही कुष्ठरोगासाठीच घडविलेली लस अमेरिकेतील प्राथमिक चाचणीनंतर ब्राझीलमध्ये परीक्षेच्या टप्प्यावर आली आहे. ती यशस्वी झाली तर या रोगाला प्रथमच स्वतःच्या नावाची लस व्यापक वापरासाठी लाभेल.

तिसरा परिणाम कुटुंबाचा. शंभर वर्षांपूर्वी कुष्ठग्रस्त मातेला सांगितले जाई की, मूल वाचवायचे तर ते दूर द्यावे लागेल. आज वस्तुस्थिती वेगळी आहे. उपचार सुरू होताच रोगी अल्पावधीत संसर्गकारक राहत नाही, आणि तिच्या मुलाच्या दंडावर अंशतः संरक्षण देणारी लस जन्मापासून आहे. परंतु ती लस कुष्ठावरही काम करते हे लसीची सुई सांगत नाही आणि लसीकरणाचे कार्डही सांगत नाही. मातेच्या मनातील भय जुन्या नावाने जिवंत राहते, आणि भयाला उतारा देणारी वस्तू दुसऱ्याच नावाने वावरते.

८. समारोप

देवीच्या लसीला आख्यान मिळाले ते रोगाच्या नावातून. आख्यान मिळाल्यामुळे ती समाजाच्या स्मरणात राहिली आणि अखेरीस रोग नाहीसा झाल्याची कथाही सांगता आली. कुष्ठाच्या प्रतिबंधाला असे आख्यान मिळाले नाही. तमिळ व मराठी या दोन्ही भाषांनी रोगाला ‘मोठा’ म्हटले, रोग्याविषयी प्रथम तिरस्काराची व नंतर करुणेची भाषा घडविली. बालकाच्या संरक्षणाची भाषा मात्र घडली नाही. तौलनिक साहित्याभ्यासाने दोन भाषांतील साम्य त्यांनी काय म्हटले यात शोधण्याबरोबरच त्यांनी एकत्रितपणे काय म्हटले नाही यातही शोधले पाहिजे, याचे हे एक उदाहरण होय.

चेंगलपट्टूच्या गावांतील लाखो लोकांनी, आपल्याला नेमके काय टोचले जात आहे हे न जाणता, दोनदा आपले दंड पुढे केले. त्यांच्या सहभागातून जगाला जे ज्ञान मिळाले त्यातील क्षयाचा भाग पाठ्यपुस्तकांत गेला आणि कुष्ठाचा भाग तज्ज्ञांच्या वर्तुळातच राहिला. त्याच जुन्या जिल्ह्यातील शोळिंगनल्लूरमध्ये आज जन्मणाऱ्या बालकाच्या दंडावर काही आठवड्यांनी उमटणारा तो लहानसा व्रण या दोन्ही भागांची नोंद आहे. त्यातील अर्धी नोंद वाचण्याचे काम अजून शिल्लक आहे.